घरी खायला पिकवणं तोट्याचं? मग हिशेब पूर्ण करा

गेल्या काही दिवसांत एक मेसेज आमच्याकडच्या बहुतेक शेतकरी ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं असं : घरी खायला पिकवणं तोट्याचं, सगळ्या वावरात सोयाबीन-कपाशी लावा आणि आलेल्या पैशातून धान्य घ्या. राशन आहेच. माती खताच्या पोत्यानं सुधारते. ज्वारी पेरली तर डुकरं आणि पाखरंच खातात. मी यवतमाळ जिल्ह्यात कोरडवाहू शेती करतो. यातला शेवटचा मुद्दा खरा आहे, बाकीचे नाहीत.

'सोयाबीनला पैसा जास्त.' २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. बाजारात बहुतेकांनी माल चार हजारांच्या आसपास दिला. त्याच २०२४ मध्ये दुकानात तूरडाळ किलोला दीडशेच्या वर गेली. ज्यानं पेरणीच्या तिफनीमागे सरता (बी सोडायची नळी) धरून तुरीचं तास, म्हणजे ओळ, टाकलं होतं, त्याला हा भाव विचारायचीही गरज पडली नाही. तोट्याच्या हिशेबात हे कोणी धरत नाही.

'राशन आहेच.' राशनमध्ये गहू-तांदूळ येतो. डाळ, तेल, भाजी येत नाही. आणि आपल्याकडचा अनुभव ताजा आहे : शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांचं धान्य थांबवून २०२३ मध्ये माणशी महिन्याला १५० रुपये द्यायचं ठरलं; पुढे ही रक्कम थोडीशी वाढली. तेवढ्यात महिन्याचं किती धान्य येतं, ते दुकानात जाऊन पाहा.

मातीबद्दलचा दावा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण गोष्ट डोळ्यांदेखत घडली आहे. ज्वारी गेली तसा कडबा गेला. कडबा नाही म्हणून बैलजोडी विकली, मग गाय विकली. गोठा रिकामा झाला तसा शेणखताचा उकिरडाही संपला. आता माती आवळते, डवरा (निंदणीचं बैलअवजार) नीट चालत नाही, आणि पंधरा दिवस पाऊस ताणला की पीक माना टाकतं. पोत्यातलं खत पिकाला देता येतं, पण त्यानं माती भुसभुशीत होत नाही. आई ज्वारीच्या बियाण्यात मूठमूठ मूग, उडीद, बरबटी (चवळी) मिसळायची आणि धुऱ्यावर (बांधावर) अंबाडी टाकायची. मुगाच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. मूग निघालेल्या जागी पुढचं पीक हिरवंगार येतं, एवढं तिला माहीत होतं. श्रावणात त्याच धुऱ्यावरची अंबाडीची कोवळी पानं ओच्यात भरून ती घरी आणायची, त्या भाजीवर कच्चं तेल आणि सोबत भाकरी.

आता डुकरं. तक्रार शंभर टक्के खरी आहे. मी तीन वर्षांपूर्वी एकट्यानं दीड एकर ज्वारी पेरली. कणीस दुधात आलं आणि पंचक्रोशीतली पाखरं माझ्याच वावरात उतरली. रात्री डुकरं घुसली. सकाळी ज्वारीची ताटं लोळलेली, कणसं चघळून टाकलेली. घरात आली ती जेमतेम तीन पोती. पण हे ज्वारीमुळे झालं, की शिवारात ज्वारी माझी एकट्याचीच होती म्हणून? पूर्वी सगळं शिवार ज्वारीचं असायचं. पाखरं तेव्हाही खायची, पण ती शंभर वावरांत वाटली जायची आणि दर दोन वावरांआड राखणीच्या माळ्यावर कोणीतरी गोफण घेऊन बसलेलं असायचं. एकट्या शेतकऱ्याला जागल (रात्रीची राखण) परवडत नाही, हे मान्य. म्हणून ज्वारी सोडा असं मेसेज म्हणतो. मी म्हणतो, एकटे पेरू नका.

यंदा आम्ही धुऱ्याला धुरा लागून असलेले सहा जण बसलो. प्रत्येकाचा एक एकर, एकाच पट्ट्यात, पेरणी एकाच आठवड्यात. बियाणं ज्याच्याकडे आहे त्यानं द्यायचं, सुगीला सवाईनं, म्हणजे सव्वापट, परत घ्यायचं. जागलीच्या पाळ्या ठरल्या आहेत. माझी पाळी मंगळवारची आहे.