एसी हेल्मेट नागपूरचं, घाम गोव्याचा

माझा भाचा नागपूरला मिहानात कामाला आहे. मे महिन्यात घरी आला तेव्हा माझ्यासाठी एक डबी घेऊन आला. हेल्मेटच्या हनुवटीवर पुढून अडकवायची, आत छोटा पंखा आणि एक फिल्टर, तो फिल्टर पाण्याने भिजवायचा, रात्री चार्ज करायचं आणि सकाळी बटण दाबलं की तोंडावर गार वारा. "मामा तू हे लाव, डोकं थंड राहील," म्हणाला (मामीने लगेच विचारलं, डोकं म्हणजे आतून पण का). तो तिकडे रोज वापरतो आणि खरंच गार लागतं म्हणतो, आणि पोर उगाच फेकणाऱ्यातलं नाही.

मी गोव्यात फोंड्याहून वेर्ण्याला जातो, बोरीच्या पुलावरून, वीस-बावीस किलोमीटर, स्कूटरवर. पहिल्या दिवशी ऐटीत डबी लावून निघालो. पुलापर्यंत बरं वाटलं, तेही जुवारीवरून वारा येतो म्हणून असेल. पुढे लोटली येईस्तोवर तोंडावर असा उबट ओला वारा सुरू झाला की पातोळ्या उकडायच्या भांड्याचं झाकण काढून कोणी समोर धरलंय असं वाटावं. काचेवर वाफ आली ती वेगळीच. कंपनीत पोचलो तर हेल्मेटची गादी पिळून काढण्यासारखी.

आता मी स्वतः एसीवाला माणूस. एका फार्मा कंपनीत चिलर, हवा गार करून खोल्यांत सोडणारी एएचयू मशीनं आणि वाऱ्यात पाणी शिंपडून ते गार करणारे कूलिंग टॉवर बघतो, त्यामुळे मला हे आधीच सुचायला पाहिजे होतं, पण फुकट मिळालेल्या वस्तूपुढे शिक्षण चालत नाही. साधी गोष्ट आहे. ओल्या फिल्टरमधून वारा नेला की तो गार होतो, पण कुठपर्यंत, तर वेट बल्बपर्यंत (थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळून वारा दिला की तो जे तापमान दाखवतो ते), त्याच्या खाली नाही, तुम्ही बर्फाचं पाणी ओतत बसला नाहीत तर. नागपूरला दुपारी 44 डिग्री आणि हवेत आर्द्रता 15 टक्के धरा, तर वेट बल्ब येतो साधारण 23. म्हणजे 44 ची हवा 23 कडे खाली येते, माणसाला स्वर्ग वाटणारच. आमच्याकडे 33 डिग्री आणि 70 टक्के, वेट बल्ब 28. कागदावर फार तर पाच डिग्रीचा फायदा, तोही फिल्टर एकदम परफेक्ट असेल तर, आणि बदल्यात ती हवा पाण्याने भरून तुमच्या तोंडावर येते, म्हणजे घाम वाळायला जी थोडीफार जागा होती तीपण गेली. मे महिन्यात आमच्या कूलिंग टॉवरचं पाणी 30 च्या खाली येत नाही म्हणून प्रॉडक्शनवाले आमच्यावर ओरडतात, तोच टॉवर मी हनुवटीला बांधून फिरत होतो.

तर त्या डबीत दोष नाही, ती चुकीच्या गावाला आली.

मग भाचा म्हणाला की दुसरं घेऊ, पेल्टिअरवालं. हे नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, 1834 मध्ये पेल्टिअर नावाच्या फ्रेंच माणसाला कळलं की दोन वेगळे धातू दोन टोकांना जोडून करंट सोडला तर एक सांधा गार आणि दुसरा गरम होतो. गाडीत ठेवायचे ते छोटे फ्रिज यावरच चालतात. अहमदाबादला 2023 मध्ये ट्रॅफिक पोलिसांना एसी हेल्मेटं देऊन बघितली, नंतर वडोदऱ्यालाही दिली, हैदराबादची एक कंपनी कारखान्यांसाठी एसी हेल्मेट करते, अमेरिकेत बाइकवाल्यांसाठीपण असं हेल्मेट आलेलं. मी कोणाची चेष्टा करत नाही, भर उन्हात चौकात उभ्या राहणाऱ्या पोलिसाला जे मिळेल ते मिळू दे. पण हिशोब करा. डोक्यातून 10 वॅट काढायचे तर पेल्टिअरला 15-20 वॅट वीज लागते, आणि मागच्या बाजूने या दोन्हींची बेरीज म्हणजे 25-30 वॅट बाहेर टाकावे लागतात. 25 वॅटची सोल्डरिंग आयर्न कधी हातात धरली असेल तर कळेल मी काय म्हणतो ते. ती उष्णता फेकायला हीट सिंक, हीट सिंकला पंखा, सगळ्याला बॅटरी, आणि 10,000 एमएएचची पॉवर बँक दोन तासांतच झोपते. हे सगळं वजन मानेवर. उभ्या माणसाला बॅटरी कमरेला लावता येते, पण स्कूटरवरून पडलो तर डोक्यावरचा ॲल्युमिनियमचा गोळा कुठे घुसेल हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

तिसरा प्रकार मेणाच्या पाकिटांचा, पीसीएम म्हणतात. 28 डिग्रीला वितळणारं मेण टोपीत घालायचं, ते वितळताना डोक्याची उष्णता पितं. 300 ग्रॅम मेण साधारण 60 हजार ज्यूल घेतं, डोकं 20 वॅटने तापतं धरलं तर 50 मिनिटं. हे मला आवडलं होतं, ना पंखा ना वायर, आणि वेर्ण्याला पोचेपर्यंत पुरतं. पण मेण परत गोठवायला 28 च्या चांगलं खाली जावं लागतं आणि मेमध्ये आमच्याकडे मध्यरात्रीच 27-28 असतं. म्हणजे रोज फ्रिजमध्ये ठेवा. आमच्या फ्रिजमध्ये बांगडे, सोलं आणि आईची औषधं यांच्यात माझ्या टोपीला जागा कोण देणार.

आणि एक बघा, जिथे डोकं थंड करणं खरोखर जमलंय तिथे मशीन डोक्यावर नसतं. केमोथेरपीत केस गळू नयेत म्हणून थंड टोपी घालतात, तिचं कूलिंग युनिट बाजूला उभं असतं, टोपीत फक्त नळी. अमेरिकेतल्या नॅसकार रेसमध्ये ड्रायव्हरच्या हेल्मेटला गाडीतल्या ब्लोअरचा पाइप जोडलेला असतो. चंद्रावर गेलेले अपोलोवाले अंगात पाण्याच्या बारीक नळ्यांचं बनियन घालायचे, पण पाणी थंड करणारी यंत्रणा पाठीवर. स्कूटरवर असा पाइप लावायचा तर उतरताना विसरून मान कोण मोडून घेईल ते मला चांगलं माहीत आहे.

मग मी काय केलं, तर एका दिवशी त्या डबीतला फिल्टर काढूनच टाकला. नुसता पंखा. आणि फरक पडला! वेर्णा जंक्शनला सिग्नलवर उभं राहिल्यावर जो कोंडमारा होतो तो अर्ध्यावर आला. कारण एक ग्रॅम घाम वाळला की तो 2400 ज्यूल घेऊन जातो. तासाला 30 ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे घाम वाळला तर 20 वॅट गेले, त्या अख्ख्या पेल्टिअरच्या दुप्पट, आणि बॅटरी लागते ती नुसत्या पंख्यापुरती. कातडी 35 ची असते, ती बाहेरच्या दमट हवेपेक्षाही गरम, म्हणून वारा हलता राहिला तर इथेपण घाम वाळतो. आमच्याकडे थंडी विकत आणून उपयोग नाही, घाम वाळायला वाट पाहिजे.

ही गोष्ट जुन्या बायकांना माहीत होती. डोक्यावर घागर किंवा माशांची पाटी घेताना चुंबळ ठेवायच्या, भार चुंबळीवर आणि मध्ये पोकळी. साइटवरच्या सेफ्टी हेल्मेटमध्ये आत पट्ट्यांचं जाळं असतं ना, ज्यामुळे कवच टाळूला टेकत नाही, ते मुळात मार झेलायला केलंय पण काम तेच करतं, वारा खेळतो. आणि आमची पोरं काय करतात, त्या पोकळीत रुमाल, टोपी, एकदा तर एकाने सिगरेटचं पाकीट कोंबलेलं बघितलंय. वरून भोकं असलेली सेफ्टी हेल्मेटंपण मिळतात, चांगली असतात, पण इलेक्ट्रिकल पॅनलजवळ काम करणाऱ्या आम्हा लोकांना ती चालत नाहीत, करंटचा धोका.

भोकांवरून आठवलं. आमच्या ओळखीतल्या एका पायलटने (बाहेरच्यांसाठी: गोव्यात मोटरसायकल टॅक्सीवाल्याला पायलट म्हणतात, विमानाचा नाही) ड्रिलने स्वतःच्या हेल्मेटला सहा भोकं पाडली, गरम होतं म्हणून. बाबा, आतला तो थर्माकोलच तर डोकं वाचवतो, त्याला भोक पाडलंस तर आयएसआयचा शिक्का कशाला ठेवलास. तो म्हणतो, "तालांव चुकला म्हणजे झालं." (तालांव म्हणजे पोलिसांच्या दंडाची पावती.) हजार रुपयांचा तालांव सगळ्यांना दिसतो. त्याला मी कसं समजावणार, दिवसभर उन्हात स्टँडवर बसून गिऱ्हाइकाची वाट बघणारा माणूस तो, माझ्यासारखा एसी प्लांटमध्ये पोचत नाही. गरम होतं हे त्याचं खोटं नाहीच. मला राग त्यांचा येतो जे एसी कारमधून "हेल्मेट घाला, बहाणे नकोत" असं लिहितात.

नवीन घेणाऱ्याने माझं ऐकावं, रंग आणि चित्रं नंतर बघा, आधी पुढची वाऱ्याची भोकं आतपर्यंत आरपार जातात का ते बोट घालून बघा. कितीतरी हेल्मेटांत बाहेर सुंदर जाळी आणि आत सरळ थर्माकोलची भिंत. मागे हवा बाहेर जायला वाट पाहिजे, नाहीतर पुढून येणार कुठून. आणि गादी सुटी निघून धुता आली पाहिजे. आत सुती रुमाल बांधू नका, तो घाम पितो आणि धरून बसतो, फुटबॉलच्या जर्सीसारख्या पातळ कापडाची टोपी घाला.

मी आता एकच गोष्ट शोधतोय, माझ्या हेल्मेटच्या मापाची गादीची दुसरी जोडी. एक घालायची, एक बाल्कनीत वाळत, कारण जूनपासून ती वाळणारच नाही आणि मग वास. फोंड्यात तीन दुकानं फिरलो, तिघेही म्हणाले नवीन हेल्मेटच घे. मडगावला किंवा म्हापशाला सुटी गादी मिळत असेल तर कोणीतरी दुकान सांगा, शनिवारी सुट्टी आहे.