प्रभावळकर म्हणजे मेकअपची कमाल? जरा थांबा

दिलीप प्रभावळकरांच्या चार-पाच भूमिकांचे फोटो शेजारी-शेजारी लावलेलं चित्र वर्षातून एकदा तरी फिरतंच, बहुतेक 4 ऑगस्टला, त्यांच्या वाढदिवशी. चिमणराव, तात्या विंचू, आबा टिपरे, गांधीजी. खाली कौतुकाच्या ओळी असतात आणि त्या कौतुकाच्या आडून काही ठाम विधानं येतात: ही सगळी रंगभूषाकाराची कमाल, मूळचा माणूस मालिकेतला, त्यामुळे सिनेमात मागे राहिला, हिंदीतल्या ‘लगे रहो मुन्नाभाई’च्या गांधींनी त्यांना खरी ओळख दिली आणि राष्ट्रीय पुरस्कारही त्याचाच, बाकी नकला उत्तम, नायक मात्र कधी झाले नाहीत, केल्या त्या म्हाताऱ्यांच्याच भूमिका. विधानं इतक्यांदा पुढे पाठवली गेली आहेत की आता ती माहिती म्हणून वाचली जातात. एकेक घेऊ.

“सगळी मेकअपची कमाल”

या विधानाला सर्वांत सोपं उत्तर त्याच फोटोंमध्ये आहे. ‘झपाटलेला’ (1993) मध्ये प्रभावळकर हाडामांसाचा गुंड म्हणून दिसतात ते सुरुवातीला. त्यानंतर जो तात्या विंचू महाराष्ट्रातल्या पोरांच्या स्वप्नात आला, तो बाहुला होता. बाहुला शब्दभ्रमकार रामदास पाध्यांचा, हालचाल पाध्यांची, आवाज प्रभावळकरांचा. ज्या भूमिकेत नटाचा चेहराच पडद्यावर नाही तिथे रंगभूषेचं श्रेय कुठे चिकटवायचं?

त्या कामातली अडचणही लक्षात घ्या. बोलक्या बाहुल्याचा जबडा उघडतो आणि मिटतो, बस्स. ओठ नाहीत, गाल नाहीत. प, ब, म ही अक्षरं माणूस ओठ मिटून काढतो. बाहुल्याच्या तोंडी ती आली की बघणाऱ्याच्या मेंदूला फसवण्याची जबाबदारी पूर्णपणे आवाजावर येते. चिडणं, हसणं, धमकी, लाडीगोडी, सगळं श्वासातून आणि स्वरातून काढावं लागतं. आवाज जरा जरी ‘लांबून कोणीतरी बोलतंय’ असा वाटला की बाहुला मरतो. तात्या मेला नाही, याचं निम्मं श्रेय पाध्यांच्या हातांना आणि निम्मं या घशाला. पाध्यांचं नाव त्या फोटोंखाली जवळजवळ कधीच नसतं, हा आणखी एक अन्याय.

दुसरा पुरावा रंगमंचाचा. ‘हसवाफसवी’ हे नाटक त्यांनी स्वतः लिहिलं आणि त्यात सहा भूमिका एकाच प्रयोगात केल्या. नाट्यसंगीताच्या जमान्यातले वयोवृद्ध कृष्णराव हेरंबकर त्यातलेच. चित्रपटात रंगभूषेला तासन्तास मिळतात. नाटकात दोन प्रवेशांमधल्या जेमतेम काही मिनिटांत टोप, मिशी, कपडे, चपला एवढंच बदलता येतं. घामाने मिशीचा गोंद सुटायला लागतो, टोपाची कड कपाळावर वर येते, आणि सातव्या-आठव्या रांगेपलीकडे काढलेल्या सुरकुत्या तशाही दिसत नाहीत. त्या अंतरावरून माणूस ओळखू येतो तो उभं राहण्यावरून: वजन टाचेवर आहे की चवड्यावर, मान खांद्यांच्या पुढे आली आहे की नाही, बसताना आधी हात खुर्ची शोधतो की थेट बूड टेकतं.

गांधींच्या बाबतीत मात्र रंगभूषा मोठी होती, हे खरंच. पण जड रंगभूषा नटाचं काम सोपं करते हा समज उलटा आहे. टक्कल दाखवणारी टोपी आणि चिकटवलेले भाग यांच्याखाली कपाळाचे आणि गालांचे बारीक स्नायू दबतात. नेहमीच्या सवयीने भुवया उंचावल्या तर कडेला चुणी पडते आणि क्लोजअपमध्ये ती उघडी पडते. त्यामुळे जे चेहऱ्याने करायचं ते डोळ्यांनी, मानेच्या अर्ध्या वळणाने आणि वाक्यातल्या थांब्यांनी करावं लागतं. ज्यांना हे जमत नाही त्यांचे ऐतिहासिक पुरुष मेणाचे वाटतात. अशी उदाहरणं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत, नावं घ्यायला नकोत.

तपासून पाहायचं असेल तर एक सोपी पद्धत आहे. दोन भूमिकांचे पाच-पाच मिनिटांचे प्रसंग घ्या. आधी पडद्याकडे पाठ करून फक्त ऐका: वाक्याचा शेवट वर जातो की खाली, श्वास वाक्याच्या आधी घेतला आहे की मध्ये तुटतो, शब्दातला कोणता स्वर लांबतो. मग आवाज बंद करून फक्त पाहा: समोरचा बोलायला लागल्यावर आधी डोळे वळतात की मान, आणि किती उशिराने. रंगभूषा या दोन्हींतलं काहीच बदलू शकत नाही. आबा टिपरे आणि तात्या विंचू या जोडीवर हे करून बघा.

“मालिकेतला नट, म्हणून सिनेमात अडकला”

यात एक खरा धोका दडलेला आहे, म्हणून हे विधान नुसतं झटकून टाकता येत नाही. मालिकेतला माणूस घरात येतो. काही महिन्यांत प्रेक्षक नटाला पात्राच्या नावाने हाक मारायला लागतात, आणि मग निर्मातेही त्याच पात्राच्या आवृत्त्या मागायला लागतात. एक लकब चालली की लेखक ती प्रत्येक भागात लिहितो, नट ती प्रत्येक भागात देतो, आणि वर्षभरात नटाला स्वतःलाच कळेनासं होतं की ही सवय पात्राची की आपली.

चि. वि. जोशींच्या विनोदी कथांमधला चिमणराव त्यांनी सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनवर केला, समोर बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ. कृष्णधवल पडदा, स्टुडिओतलं चित्रण, आणि एकच वाहिनी, म्हणजे ज्याच्याकडे टीव्ही तो प्रत्येकजण तेच बघणार. छाप बसायला याहून पोषक परिस्थिती नाही. आणि ती बसलीही. ‘एक डाव भुताचा’ (1982) मधल्या साध्याभोळ्या मास्तरात चिमणरावाच्या भिडस्तपणाची सावली आहे, असं आमचं मत आहे. चाहत्यांनी रागावू नये. त्या सिनेमात अशोक सराफांचं भूत जास्त जागा व्यापतं, ते त्यामुळेही.

पण गोष्ट तिथे थांबली असती तर विधान खरं ठरलं असतं. पुढची वर्षं पाहा. जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’ नाटकात ते मतिमंद मुलाचे वडील झाले. त्यानंतर 1991 मध्ये संजय सूरकरांच्या ‘चौकट राजा’त ते स्वतः नंदू झाले, लहानपणीच्या अपघाताने बुद्धीची वाढ खुंटलेला प्रौढ माणूस. थोड्याच काळाच्या अंतराने एकाच दुःखाच्या दोन्ही बाजू: ज्याला सांभाळावं लागतं तो, आणि सांभाळून थकणारा. हा क्रम कोणत्याही कोलाजमध्ये दिसत नाही, कारण नंदूचा आणि त्या बापाचा फोटो ‘किती वेगळे दिसतात’ म्हणून मिरवण्यासारखा नाही. दोघेही साधेच दिसतात.

नंदूसारख्या भूमिकेत काय बिघडतं हे माहीत असलं की कामाची किंमत कळते. पहिली चूक म्हणजे प्रत्येक शॉटमध्ये आजाराची आठवण करून देणं; हात वाकडा आहे तर तो सतत कॅमेऱ्यापुढे धरणं. दुसरी याच्या उलट: भावनेचा प्रसंग आला की नट रडण्यात इतका रमतो की वाकडा हात सरळ होतो. तिसरी तांत्रिक आहे. सिनेमा क्रमाने चित्रित होत नाही. शेवटचा प्रसंग आधी, मधला नंतर, आणि तोंड किती उघडं, जीभ किती जड, चाल किती अडखळती हे प्रमाण प्रत्येक वेळी तेवढंच राहावं लागतं. जरा कमी-जास्त झालं तर संकलनात दोन वेगळी माणसं जोडल्यासारखी दिसतात. आणि चौथी, सर्वांत मोठी चूक म्हणजे दया मागणं. नंदू दया मागत नाही, तो खेळायला बोलावतो. म्हणून तो सिनेमा आजही बघवतो.

नंदू 1991 चा, तात्या विंचू 1993 चा. दोन वर्षांचं अंतर. मालिकेच्या छापेत अडकलेल्या नटाला कोणी ही दोन टोकं दिली असती का?

आणि मग 2001 मध्ये पुन्हा मालिका, ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’. अल्फा मराठीवर (आताची झी मराठी), केदार शिंदे यांच्या दिग्दर्शनात. इथे विधान करणाऱ्यांची आणखी एक गफलत होते: ते आबांना, म्हणजे टिपरे कुटुंबातल्या आजोबांना, ‘मिळालेली’ भूमिका समजतात. मालिकेचा मूळ ऐवज त्यांच्याच ‘अनुदिनी’ या लेखनातला होता. ज्याने कुटुंबातल्या प्रत्येकाच्या तोंडची भाषा आधी कागदावर उतरवली, त्याला आबांची वाक्यं पाठ करायची नव्हती, ती फक्त म्हणायची होती. आबा कुटुंबावर कुरघोडी करत नाहीत, विनोद बहुतेक वेळा दुसऱ्याला देतात आणि आपण प्रतिक्रियेवर थांबतात. टीव्हीच्या छोट्या चौकटीत प्रतिक्रिया हाच अर्धा अभिनय असतो. हे जाणणारा लेखक-नट घरात असला की बाकीचे चौघेही चांगले दिसतात.

“गांधींनी ओळख दिली, पुरस्कारही गांधींचाच”

‘लगे रहो मुन्नाभाई’ आला 2006 मध्ये. तेव्हा ते 62 वर्षांचे होते आणि वर सांगितलेलं सगळं होऊन गेलं होतं. हिंदीतही ते नवे नव्हते. 2002 च्या ‘एन्काउंटर : द किलिंग’मध्ये नसीरुद्दीन शाह यांच्यासमोर गुन्हेगारी जगातला पुनप्पा त्यांनी केला होता. ‘ओळख दिली’ याचा अर्थ ‘मराठी न बघणाऱ्यांना कळलं’ एवढाच.

पुरस्काराबद्दल तर सरळ चूक आहे. 54 व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला तो दोन चित्रपटांसाठी: ‘लगे रहो मुन्नाभाई’ आणि गजेंद्र अहिरे यांचा मराठी ‘शेवरी’. दुसरं नाव गळून पडतं ते मराठी लोकांच्याच पोस्टमधून, याला काय म्हणावं.

“नकला उत्तम”

नकलाकार ओळखीच्या माणसाचा आवाज, चाल, लकब उचलतो आणि ‘अगदी तसाच!’ म्हणवून घेतो. गांधींची ती भूमिका तशी केली असती तर पडली असती. कारण पटकथेनुसार ते गांधी हा सिनेमाचा नायक मुन्ना याच्या मनाचा खेळ आहे. मुन्नाला जे माहीत आहे तेवढंच त्यांना माहीत. मानसोपचारतज्ज्ञ त्याच्याकडून हेच सिद्ध करून घेतो. म्हणजे नटापुढे काम होतं ते एका मुंबईच्या भाईने काही दिवस वाचनालयात बसून जे गांधी डोक्यात उभे केले, ते गांधी करण्याचं. म्हणून ते उपदेशाच्या सुरात बोलत नाहीत, सोबत करतात. जुन्या ध्वनिमुद्रणातल्या खऱ्या आवाजाशी तुलना करून गुण देणारे चुकीची उत्तरपत्रिका तपासतात.

चिमणराव, आबा, नंदू, तात्या यांच्यासमोर तर नक्कल करायला मूळ माणूसच नव्हता.

“नायक कधी झाले नाहीत”

नायक म्हणजे बागेत गाणं म्हणणारा असेल तर मान्य. कथा ज्याच्या खांद्यावर उभी तो नायक असेल, तर ‘चौकट राजा’ आहेच. अजय फणसेकरांचा ‘रात्र आरंभ’ (1999) आहे. दुभंगलेल्या मनाच्या माणसाची ती भूमिका विनोदी नट म्हणून त्यांना बाजूला ठेवणाऱ्यांनी अवश्य बघावी. ‘नारबाची वाडी’ (2013) मध्ये कोकणातला म्हातारा नारोबा वाडी सोडत नाही आणि खोताच्या सोयीने मरतही नाही. सिनेमाभर सगळे त्याच्या मरणाची वाट बघतात आणि प्रेक्षक त्याच्या बाजूने. हा सिनेमा नायकाशिवायचा म्हणणार का?

राहता राहिलं ते ‘म्हाताऱ्यांच्याच भूमिका’ हे उपविधान. सप्टेंबर 2025 मध्ये आलेल्या सुबोध खानोलकर दिग्दर्शित ‘दशावतार’मध्ये बाबुली मेस्त्री हा दशावतारी कलाकार त्यांनी केला; सिनेमा प्रदर्शित झाला तेव्हा त्यांनी एक्क्याऐंशी वर्षं पूर्ण केलेली होती. नारोबाही कोकणी म्हातारा, बाबुलीही कोकणी म्हातारा, दोघांचाही जीव आपल्या मातीत. कागदावर ही पुनरावृत्ती वाटते. पण नारोबा जागचा न हलणारा माणूस आहे आणि बाबुलीचं सगळं आयुष्य अंगात दुसरा कोणीतरी आणण्यात गेलेलं, त्यामुळे दोघांची बसण्याची, उठण्याची, हात उचलण्याची रीत वेगळी आहे. हे दोन चित्रपट लागोपाठ बघा, आधी नारोबा, मग बाबुली.