युझु रातोरात घडले नाहीत, आणि गिटारही सोडली नाही

युझु या जपानी जोडीबद्दल एक मजकूर बराच फिरतोय: ‘रस्त्यावरची दोन पोरं “नात्सुइरो” या गाण्यामुळे रातोरात स्टार झाली, ऑलिंपिकच्या गाण्याने मोठी झाली, मग गिटार सोडून ऑर्केस्ट्राच्या नादी लागली. तसंही दोन गिटारी बडवण्यात काय विशेष?’

रातोरातचं आधी. कितागावा युजिन आणि इवासावा कोजी यांची जोडी १९९६ची. योकोहामाच्या इसेझाकिचोत, मात्सुझाकाया डिपार्टमेंट स्टोअरसमोर ते रात्री गात. १९९७मध्ये छोट्या लेबलवर मिनी-अल्बम आला, ‘नात्सुइरो’ जून १९९८मध्ये. त्याच वर्षी ३० ऑगस्टला रस्त्यावरच्या शेवटच्या कार्यक्रमाला भर पावसात सुमारे ७,५०० माणसं आली. एवढी गर्दी एका गाण्याने जमत नाही.

ऑलिंपिकचं गाणं, ‘एइको नो काकेहाशी’ (‘वैभवाचा पूल’), २००४च्या अथेन्स ऑलिंपिकच्या वेळचं. टोकियो डोम या प्रचंड स्टेडियममध्ये ही जोडी २००१मध्येच गाऊन गेली होती, तेही मंचावर दोघंच. उलट गंमत अशी, की हे शीर्षक अथेन्स ऑलिंपिकच्या समालोचनातून उचललं असंही काही जण सांगतात. गाणं जुलैत आलं. जपानी जिम्नॅस्ट तोमिता हिरोयुकीच्या हाय बारवरच्या शेवटच्या उडीला ‘वैभवाकडे नेणारा पूल’ म्हणणारं एनएचके या जपानी वाहिनीचं समालोचन ऑगस्टमधलं. म्हणजे उचललं असेलच तर समालोचकाने.

गिटार सोडली? मोठे वाद्यमेळ आले, हे खरं. पण अशा मोठ्या डोम स्टेडियमांचा २०१९चा दौरा त्यांनी फक्त दोघांच्या गिटारी आणि गळ्यांवर काढला.

राहिलं ‘बडवणं’. दोघांनी एकच ओपन कॉर्ड (काही तारा न दाबता मोकळ्या ठेवून धरलेले सूरसमूह) एकाच लयीत वाजवले तर मधल्या सुरांचा नुसता गचका होतो, आणि नवख्या जोड्या नेमक्या इथेच अडकतात. एकाने ओपन जी कॉर्ड धरावा, दुसऱ्याने पाचव्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या पट्टीवर) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबणारा चिमटा, लावून डी कॉर्डचा आकार: सूर तोच, आवाज वरच्या पट्टीत मोकळा. गळ्यात होल्डर अडकवून इवासावा हार्मोनिका वाजवतो, तिथे आणखी एक चूक ठरलेली. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून जीचे आकार वाजवले, तर साध्या पद्धतीने वाजवायला हार्मोनिका ‘ए’ सुराची लागते, ‘जी’ची नव्हे. आणि कितागावाच्या सुरावर इवासावा जो वरचा आवाज धरतो, तो ओरडून लावला की पडतोच. तो हलकाच ठेवायचा आणि माइकपासून अंतर खालच्या आवाजाच्या हिशेबाने ठरवायचं.