सात दिवसांत खांदा मोकळा? माझा चौदावा महिना चालू आहे

मेसेज असा आहे: 'फ्रोजन शोल्डर म्हणजे गार वारं लागून खांद्यात रक्त गोठणं. दुखलं तरी हात जोरात हलवा, घरातल्या कोणाकडून मागे ओढून घ्या. कडक आवाज आला की गाठ सुटली. सात दिवसांत खांदा मोकळा! स्टिरॉइडचं इंजेक्शन मात्र कधीही घेऊ नका.' मला तो तिघांकडून आला. मोठ्या जाऊबाईंनी तर दोनदा पाठवला, कारण माझा डावा खांदा सध्या सगळ्या नात्यागोत्यात गाजतोय.

आधी गार वाऱ्याचं बघू. 1934 मध्ये कॉडमन या अमेरिकी सर्जननी फ्रोजन शोल्डर, म्हणजे थिजलेला खांदा, हे नाव रूढ केलं, ते हालचाल थिजते म्हणून. पंखा, एसी, माठातलं पाणी यांचा काही संबंध नाही, आणि रक्तही गोठत नाही. सांध्याभोवती एक सैलसर पिशवी असते. तिला सूज येते, मग ती जाड होऊन आकसते. धुऊन आटलेला ब्लाउज घालून हात वर करून पाहा, काखेत कसा ओढतो ते. तसंच, फक्त आतून. हे बहुधा चाळिशी ते साठीत होतं, बायकांना जास्त. मधुमेह असेल तर शक्यता कितीतरी वाढते, थायरॉइडच्या तक्रारीतही वाढते. तेव्हा पंखा बंद करण्यापेक्षा साखर तपासा. माझी साखरेची तीन महिन्यांची सरासरी (HbA1c) 8.1 टक्के निघाली, म्हणजे मधुमेह, तोही खांद्यामुळे कळला.

आता ओढाओढी. मेसेजमधला हा भाग वाचून माझं डोकं फिरतं, कारण मी तो केलाय. एका मालिशवाल्याने हात पाठीमागे असा ओढला की पुढच्या तीन रात्री मी खुर्चीत बसून काढल्या. सुरुवातीच्या दुखऱ्या महिन्यांत पिशवी आधीच सुजलेली असते, तिला हिसके देऊन ती आणखी चिडते. 2004 साली नेदरलँड्समधल्या 77 रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. छोटाच आहे, पण बोलका. एका गटाने सोसेल तेवढाच व्यायाम केला, दुसऱ्याने दुखण्यापलीकडे जाऊन जोरकस. दोन वर्षांनी पहिल्यातल्या 89 टक्के लोकांचा खांदा जवळजवळ पूर्ववत होता, दुसऱ्यातल्या 63 टक्के.

'पण डॉक्टरही भूल देऊन हात ओढतातच की!' हो, काही जणांचा ओढतात. स्नायू सैल पडलेले असताना, आधी तपासण्या करून. आणि तरीही दंडाचं हाड मोडण्याचा थोडा धोका राहतोच. जेवणाच्या टेबलाशी दिराकडून ओढून घेणं म्हणजे ते नव्हे.

शिवाय दुखणारा प्रत्येक खांदा फ्रोजन नसतो. यात हात दुसऱ्याने उचलला तरी अडतो. स्वतःला उचलता येत नाही पण दुसऱ्याने उचलला की सहज वर जातो, तर स्नायूबंध फाटलेला असू शकतो. बोटांना मुंग्या येत असतील तर मान दाखवा. छातीत दाब, घाम आणि डावा हात दुखत असेल तर व्यायाम कसला करताय, थेट हॉस्पिटल गाठा.

इंजेक्शनची भीती महिनोन्‌महिने घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांवरून आली आहे. सांध्यात दिलेलं एखादं इंजेक्शन वेगळं. दुखऱ्या टप्प्यात लवकर घेतलं तर काही आठवडे चांगला आराम पडतो, झोप लागते, व्यायाम जमतो. खरी काळजी घ्यायची ती मेसेजमध्ये नाहीच: मधुमेहींची साखर काही दिवस चढते. मला आधी सांगितलं होतं, तरी दुसऱ्या दिवशी 290 पाहून छातीत धस्स झालं. आठवड्यात उतरली.

राहिले सात दिवस. आधी दुखणं, मग आखडणं, मग हळूहळू सुटणं, असा हा एक ते तीन वर्षांचा मामला. थोडा ताठरपणा काहींना कायमचाही राहतो. सुटायला लागलेल्या महिन्यात कोणी हा मेसेज वाचून हात हलवला, की श्रेय मेसेजला!

मी अजूनही गाउन घालताना डावा हात आधी घालते, काढताना शेवटी काढते. रात्री दंडाखाली उशी. सकाळी शेक घेऊन, ओट्यावर उजवा हात टेकून वाकते आणि डावा लंबकासारखा सोडून झुलवते. मग भिंतीवर बोटांनी चढत जाते आणि पोचेन तिथे पेन्सिलने रेघ मारून तारीख घालते. मार्चमधली रेघ स्विचबोर्डाच्या वर आहे. डब्यांची फळी अजून चार बोटं लांब आहे. जाऊबाईंना त्या भिंतीचा फोटो पाठवलाय.