मासे तरंगले नाहीत म्हणजे पाणी बरं आहे?

मुळा-मुठेत नाहीतर इंद्रायणीत मेलेले मासे तरंगले की दोन दिवस फोटो फिरतात, बातम्या येतात, आणि मासे तरंगले नाहीत की सगळे गप्प, जणू पाणी ठीकच आहे. मला हे अजिबात पटत नाही, का ते जरा सविस्तर लिहिते.

पाण्यातल्या छोट्या जीवांना शत्रू आलाय हे बऱ्याचदा वासावरून कळतं, गढूळ पाण्यात दिसणार तरी काय. कार्ल फॉन फ्रिश (मधमाश्यांच्या नाचावरच्या कामासाठी १९७३ चं नोबेल मिळालं ते) यांनी १९३८ मध्येच मांडलं होतं की छोट्या माशाची कातडी फाटली की त्यातून एक द्रव्य पाण्यात उतरतं आणि त्याच्या वासाने बाकीचे मासे घाबरून पळतात. आणि डाफ्निया, अक्वेरियमवाले माशांना घालतात तो बारीकसा जीव, त्याच्या काही जातींच्या पिल्लांना शिकारी अळीचा वास लागला की मानेवर चक्क काटे फुटतात, अळीला धरता येऊ नये म्हणून!! मला हे वाचून इतकं भारी वाटलं होतं.

आता त्यात तांबं आलं की काय होतं बघा. लिटरमागे अगदी काही मायक्रोग्रॅम तांब्यानेसुद्धा माशाचं नाक बधिर होतं, अमेरिकेत सॅमन माशांवर हे तपासलंय. मासा पोहत असतो, वरून एकदम धडधाकट, फक्त धोक्याचा वास आला तरी दचकत नाही. डाफ्नियाचे काटेही तांब्यामुळे नीट येत नाहीत. आणि तांबं काही लांबून येत नाही, द्राक्षावर मारलेलं मोरचूद, प्लेटिंगची वर्कशॉप्स, ब्रेक पॅडची भुकटी जी पहिल्या पावसात रस्त्यावरून सरळ ओढ्यात जाते. आपली पुण्यातली रामनदी बावधन, पाषाण, बाणेर अशी भर वस्तीतूनच वाहते ना.

उलटंही होतं. २००१ मध्ये अमेरिकेतच बेडकाच्या पिल्लांवर प्रयोग झाला, कार्बारिल हे कीटकनाशक आणि शेजारी पिंजऱ्यात बंद शिकारी, म्हणजे तो खाऊ शकत नाही, नुसता वास. तरी तेच औषध दोन ते चारपट घातक ठरलं. भीती आणि विष एकत्र आलं की जीव टिकत नाही.

आणि आपल्याकडचा नियम काय, तर कारखान्याच्या सांडपाण्यात मासे ठेवायचे, ९६ तासांनी ९० टक्के जिवंत राहिले की पास. त्या टाकीत ना शिकारी, ना धोक्याचा वास. नदीत मात्र असा बधिर मासा दुसऱ्याच्या पोटात जातो, मग तरंगणार कुठून आणि फोटो निघणार कशाचा?

म्हणून माझं सरळ म्हणणं आहे, त्या ९६ तासांनंतर जे मासे वाचतात त्यांना धोक्याचा वास द्या आणि पळतात का ते बघा, खर्च फार नाही. नदीकाठावर एवढे कोटी चाललेत, त्यात पाण्याची ही एक टेस्ट बसवा. इथे कोणी झूऑलॉजी शिकवत असेल तर कॉलेजात सुरू करा प्लीज, रामनदीच्या पाण्यापासूनच.