एफेससला जाताय? गालिचे बघूनच या

मेडिटरेनियन क्रूझ बुक केलीत? अभिनंदन. बोट तुर्कस्तानात कुशादासीला लागली की किनाऱ्यावरची सहल घ्यायचीच. तिच्या कागदावर एफेसस हे प्राचीन ग्रीक-रोमन शहर, मेरीमातेचं घर, आर्टेमिस या ग्रीक देवीचं मंदिर असं काय काय छापलेलं असतं. त्याकडे लक्ष देऊ नका. सगळ्यात खाली बारीक अक्षरात 'हस्तकला प्रात्यक्षिक' लिहिलेलं असतं, खरी सहल ती.

जाण्याआधी काही वाचू नका. वाचलं की त्रास होतो.

बसमध्ये सगळ्यांत शेवटी चढा. बाकीचे कुठे पळून जाणार आहेत?

मेरीमातेच्या घरात फोटो काढू नका अशी पाटी आहे, ती इतरांसाठी. तिथे ख्रिस्ती येतात तसे मुसलमानही श्रद्धेने येतात. १९६७ पासून तीन पोप येऊन गेले, पण त्यांना कुठे रील टाकायचं होतं? बाहेर नवसाची भिंत आहे. खिशातला टिश्यू पेपर तिला बांधा आणि मुलाचा एच-वन मागून घ्या.

आर्टेमिसचं मंदिर म्हणजे प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक. आता एक खांब उभा आहे. बसच्या खिडकीतून बघितला तरी पुरे.

एफेससमध्ये वरच्या दाराने शिरून उतारावरून खालच्या दाराने बाहेर पडायचं. वाटेत सेल्सस या रोमन सुभेदाराच्या नावाचं ग्रंथालय लागतं. भूकंपात कोसळलेली त्याची दुमजली दर्शनी भिंत १९७०च्या दशकात मूळचे तुकडे जुळवून पुन्हा उभी केली. खाली तळघरात खुद्द सेल्ससची शवपेटी आहे. आपण भिंतीकडे पाठ करून सेल्फी घ्यायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "आपल्या हंपीपुढे हे काहीच नाही." हंपीला गेला होतात का, असं कुणी विचारत नाही.

आता गालिचे. आधी रेशमाचे कोष उकलून दाखवतात, मग दुहेरी गाठीची थोरवी सांगतात, मग सफरचंदाचा चहा येतो आणि चार माणसं धडाधड गालिचे उलगडायला लागतात. इथे तुम्ही "लास्ट प्राइस?" विचारायचं. घ्यायचा नसला तरी. नव्हे, घ्यायचा नसेल तर जास्तच. आमच्या बसमधल्या एका काकांनी हजारो डॉलरचा रेशमी गालिचा निम्म्यावर आणला, काकूंनी "हॉलच्या पडद्यांना जाईल का हो?" म्हणत तो दोनदा उलटा करून बघितला, आणि शेवटी दोघांनी घेतलं काय? फ्रिजवर लावायचं मॅग्नेट! तेही बाहेरच्या टपरीवरून! तोवर गाइड घड्याळ दाखवून म्हणाला, टेरेस हाउसेस रद्द. म्हणजे श्रीमंत रोमनांची राहती घरं, रंगवलेल्या भिंती, मोझेइकच्या फरशा, ज्यासाठी मी ही सहल घेतली होती, ते सगळं रद्द.

या गावाचा धंदा जुनाच आहे म्हणा. ख्रिस्ती धर्मप्रचारक पौलाच्या प्रचारामुळे आर्टेमिसच्या चांदीच्या देव्हाऱ्यांचा खप बसेल म्हणून इथल्या कारागिरांनी दंगल पेटवली, लोक तिथल्या भल्यामोठ्या थिएटरात घुसून दोन तास देवीच्या नावाने ओरडत होते, असं बायबलमध्ये आहे. तुम्हाला त्या थिएटरात दोन मिनिटं बसवलं नाही.

अहो, गाइडला कमिशन असतं हे का तुम्हाला ठाऊक नाही? गालिचा नको होता तर उठायचं होतं! मी "चला" म्हटलं तर म्हणे, "बसा हो, चहा फुकट आहे." लाखांनी पैसे मोजून आलात आणि फुकटच्या चहाला अडकलात? चहाच प्यायचा असेल तर बोटीवरच थांबत जा. आमची बस वेळेवर सुटू द्या.