निधी मंजूर झाला, पण खोल्या कधी उभ्या राहणार?
बातमीत झेडपी शाळांच्या नवीन वर्गखोल्यांना निधी मंजूर झाल्याचं दिलंय, चांगलंच आहे, पण मंजुरीनंतर काय होतं ते पण लिहा ना. आधी पडकी खोली पाडायची तर निर्लेखनाचा (म्हणजे ती वापरातून बाद ठरवून नोंदीतून कमी करण्याचा) प्रस्ताव, मग अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, टेंडर, आणि तोवर मार्च उजाडतो. आमच्या गावात दोन खोल्या निर्लेखित करून पाडल्या, नवीन अजून नाहीत, पहिली ते चौथीची पोरं समाजमंदिरात बसतात, कोणाचं लग्नकार्य निघालं की शाळेला सुट्टी!! फळा खुर्चीवर टेकवून ठेवलाय, पावसात पत्र्याच्या आवाजात बाईंचं काही ऐकू येत नाही. २००९ च्या आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी हे सगळं स्पष्ट लिहिलंय, म्हणजे हे कोणी उपकार करत नाहीये. समग्र शिक्षा या शाळांसाठीच्या सरकारी योजनेमधून केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के देणार, शिवाय जिल्हा नियोजन समितीचा पैसा असतो, मग अडतं कुठे? माझं म्हणणं एवढंच की नवीन खोलीचा कार्यादेश निघाल्याशिवाय जुनी पाडू नका, अगदीच धोकादायक असेल तर पाडा पण मुलांची सोय लेखी ठरवून. आणि कामाची रक्कम, ठेकेदार, मुदत याचा बोर्ड शाळेच्या गेटवर लावा, शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांना अंदाजपत्रकाची कॉपी द्या.